बांधावरचे भांडण, निर्दोष सुटका आणि साक्षांकन नमुन्यातील ‘नाही’

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते मराठवाड्यातील एका खेड्याचे रहिवासी असून त्यांचे वय आज सत्तावीस आहे. २०१७ साली, ते एकोणीस वर्षांचे असताना, शेताच्या बांधावरून चुलत्यांशी भांडण झाले, काठ्या निघाल्या, आणि चुलत्यांच्या फिर्यादीवरून प्रश्नकर्ते, त्यांचे वडील व सोळा वर्षांचा धाकटा भाऊ यांच्यावर भारतीय दंड विधानाच्या कलम ३२४, ३२३, ५०४, ५०६ सह ३४ अन्वये गुन्हा दाखल झाला. पुढे घरातल्या घरात समेट झाला, चुलते व त्यांचे साक्षीदार न्यायालयात फितूर झाले आणि २०२१ मध्ये तिघांचीही निर्दोष मुक्तता झाली. नंतर प्रश्नकर्त्यांची पोलीस शिपाई पदासाठी निवड झाली. वैद्यकीय तपासणी झाली. साक्षांकन नमुना, म्हणजे पोलीस पडताळणीसाठी उमेदवाराने स्वतःविषयी माहिती भरून द्यावयाचा कागद, भरताना खटल्याविषयीच्या रकान्यात त्यांनी ‘नाही’ असे लिहिले, कारण खटला चालवणाऱ्या वकिलांनी त्यांना ‘निर्दोष सुटलास, आता तुझ्या नावावर काही नाही’ असे सांगितले होते. चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा उघड झाला आणि आठ महिन्यांपूर्वी तीन ओळींच्या पत्राने त्यांची निवड रद्द करण्यात आली. त्यांचे दोन प्रश्न आहेत: ही नोकरी परत मिळू शकेल काय, आणि धाकटा भाऊ आता दुसऱ्या एका भरतीत उतरला असता त्याने त्याच रकान्यात काय लिहावे?

सेवाविषयक प्रकरणे मी गेली वीस-बावीस वर्षे चालवीत आहे, आणि अशा प्रकरणांत माझ्याकडे येणाऱ्या उमेदवारांपैकी बहुतेकांची नोकरी जुन्या गुन्ह्याने जात नाही, ती त्या एका शब्दाने जाते, हे मला प्रारंभीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बांधावरच्या मारामारीचा, निर्दोष सुटकेने संपलेला खटला एखाद्या समंजस अधिकाऱ्याने कदाचित दुर्लक्षिला असता. पण ‘नाही’ असे लिहिल्यावर त्याच्यासमोरचा प्रश्न भांडणाचा उरत नाही, तो उमेदवाराच्या सचोटीचा होतो. आणि पोलीस दलात घ्यावयाचा माणूस पोलिसांनाच खोटी माहिती देतो, हा युक्तिवाद सरकारी वकिलाच्या तोंडी फार वजनदार ठरतो.

आपल्या वकिलांचा सल्ला वाईट हेतूचा नव्हता. फौजदारी न्यायालयात रोज उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने निर्दोष मुक्तता म्हणजे प्रकरणाचा शेवट असतो. परंतु साक्षांकन नमुना ‘तुम्ही दोषी आहात काय’ एवढेच विचारत नाही. आपल्याला कधी अटक झाली होती काय, आपल्यावर कधी खटला भरला गेला होता काय, आपल्याला स्थानबद्ध केले होते काय, आपल्याकडून बंधपत्र घेतले होते काय, दंड झाला होता काय, आपण सिद्धापराध ठरला होता काय, अशा स्वतंत्र विचारणा त्यात सहसा असतात, आणि निर्दोष सुटलेल्या माणसाचेही त्यांतील पहिल्या दोन प्रश्नांचे खरे उत्तर ‘होय’ हेच असते. आपल्या देशात जुना खटला अभिलेखातून पुसून टाकण्याची प्रौढांसाठी सर्वसाधारण अशी तरतूदच नाही. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत तो राहतो, आणि आता सीसीटीएनएस या देशव्यापी संगणकीय जाळ्यामुळे एका जिल्ह्यातला गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यातल्या पडताळणीतही दिसतो. पूर्वी गावच्या ठाण्यातील हवालदार ओळखीचा असला की निभावून जात असे, असे जुनी माणसे सांगतात. त्या भरवशावर आज कोणीही राहू नये.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की आपण भरलेल्या नमुन्याची प्रत हाती घ्यावी, आणि ती आपल्याजवळ नसल्यास माहितीच्या अधिकारात मागवावी. रकान्याचे शब्द काय होते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ‘आपल्याविरुद्ध सध्या कोणताही खटला प्रलंबित आहे काय’ एवढाच प्रश्न असेल, तर २०२१ मध्ये सुटलेल्या माणसाने लिहिलेले ‘नाही’ हे अक्षरशः खरे उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत संघ या प्रकरणात दिलेला निकाल आज या विषयाचा पाया मानला जातो, आणि त्यात हे स्पष्ट केले आहे की नमुन्यातील विचारणा नेमकी असली पाहिजे, संदिग्ध असता कामा नये, आणि जी माहिती विचारलीच नाही ती दडवल्याचा ठपका उमेदवारावर ठेवता येत नाही. ऑनलाइन अर्जात एक प्रश्न, साक्षांकन नमुन्यात दुसरा आणि प्रतिज्ञापत्रात तिसराच, असा घोळ मी अनेक भरत्यांत पाहिला आहे. तेव्हा तिन्ही कागद शेजारी ठेवूनच पुढचा विचार करावा.

विचारणा सर्वसमावेशक होती असे आता गृहीत धरू, कारण बहुधा ती तशीच असते. तरीही प्रकरण संपत नाही. अवतार सिंग निकालापूर्वी सर्वोच्च न्यायालयाच्याच निरनिराळ्या पीठांचे कल वेगवेगळे होते. २०११ मध्ये निकाल लागलेल्या प्रकरणात दिल्ली पोलिसांतील हेड कॉन्स्टेबल पदाच्या एका उमेदवाराने सुमारे विसाव्या वर्षी झालेल्या मारामारीचा, तडजोडीने मिटलेला खटला लपवला होता. तरुणपणी माणसाच्या हातून अविचार घडतात आणि त्यासाठी त्याला जन्मभर गुन्हेगार ठरवू नये, असे म्हणून न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच दिल्ली पोलिसांच्या मेहर सिंग प्रकरणात दुसऱ्या पीठाने सांगितले की साक्षीदार फितूर झाल्यामुळे झालेली सुटका ही सन्मानपूर्वक सुटका नव्हे, आणि पोलीस दलात कोणाला घ्यावे हे ठरविण्याचा छाननी समितीचा अधिकार मोठा आहे. या दोन टोकांमधला रस्ता २०१६ च्या निकालाने आखला. खटला क्षुल्लक स्वरूपाचा असेल, म्हणजे तरुणपणी दिलेल्या घोषणा किंवा असा किरकोळ गुन्हा की जो सांगितला असता तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर माहिती दडवल्याकडे नियुक्ती प्राधिकारी आपल्या विवेकाधिकारात दुर्लक्ष करू शकतो. क्षुल्लक नसलेल्या गुन्ह्यात दोषसिद्धी झाली असेल तर तो नियुक्ती रद्द करू शकतो. नैतिक अधःपतनाच्या किंवा गंभीर गुन्ह्यात तांत्रिक कारणाने अथवा संशयाचा फायदा मिळून सुटका झाली असेल, तर पूर्वचारित्र्याचा सर्वांगाने विचार करून त्याने निर्णय घ्यावयाचा आहे.

आपले प्रकरण यांपैकी कोणत्या खणात बसते, यावरच खरा वाद होईल. कलम ३२३, ५०४ आणि ५०६ ही किरकोळ मारहाण, अपमान व धमकीची कलमे आहेत आणि ती तडजोडयोग्य आहेत. अडचण कलम ३२४ ची आहे. घातक शस्त्राने किंवा साधनाने दुखापत करण्याचे हे कलम पूर्वी न्यायालयाच्या परवानगीने तडजोडयोग्य होते. २००९ च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने ते त्या यादीतून वगळले गेले. खेड्यातल्या भांडणात काठी, कुऱ्हाडीचा दांडा किंवा दगड असतोच, त्यामुळे १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांत ३२४ लागते. मग समेट झाला तरी दंडाधिकाऱ्यासमोर तडजोडीचा अर्ज देता येत नाही, आणि व्यवहारात त्यावर एकच तोड काढली जाते, ती म्हणजे फिर्यादीने साक्षीच्या पिंजऱ्यात ‘मला काही आठवत नाही’ असे सांगणे. सरकारी अभियोक्ता त्याला फितूर जाहीर करतो, एक-दोन पंच तसेच उलटतात, आणि सहा पानी निकालात ‘सरकार पक्ष आरोप संशयातीतपणे सिद्ध करू शकला नाही’ असे शेवटचे वाक्य येते. घरी पेढे वाटले जातात. पण हेच वाक्य काही वर्षांनी पडताळणी अहवालात ‘साक्षीदार फितूर झाल्याने संशयाचा फायदा’ असे उतरते आणि अधिकाऱ्याला मेहर सिंग निकाल आठवतो. दोन्ही पक्षांत समेट झालेला असेल आणि घरातला मुलगा भरतीची तयारी करत असेल, तर साक्षीदार उलटवण्याऐवजी उच्च न्यायालयात संमतीने गुन्हा रद्द करून घेणे हा अधिक स्वच्छ मार्ग असतो; पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ त्यासाठी होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८ आहे. त्याला खर्च येतो हे खरे. पण तारखांना घातलेल्या चार वर्षांच्या खर्चाशी तो ताडून पाहावा. आपल्याला आता त्याचा उपयोग नाही, मात्र ज्यांचा खटला अद्याप सुरू आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आपल्या निकालपत्राची प्रमाणित प्रत काढून ती शब्दशः वाचावी लागेल. वैद्यकीय दाखला काय म्हणतो, जखम साधी होती काय, आपल्या हातात काही असल्याचे कोणी सांगितले होते काय, की केवळ ‘सह ३४’, म्हणजे सर्वांचा समान इरादा, म्हणून सगळ्या घराची नावे गोवली होती, हे सर्व त्यात असते. केवळ सुटलो एवढ्यावर युक्तिवाद उभा करणे पुरेसे नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा, सामायिक बांधाचा कौटुंबिक वाद, साधी जखम, नंतरची आठ-नऊ वर्षे निष्कलंक, आणि पूर्वीचा किंवा नंतरचा एकही गुन्हा नाही, हे चित्र कागदपत्रांतून उभे राहिले पाहिजे. वकिलांच्या चुकीच्या सल्ल्याचा उपयोग मर्यादित आहे. खटल्याची माहितीच नव्हती असे आपण म्हणू शकत नाही, कारण चार वर्षे आपण तारखांना हजर होता. मात्र फसविण्याचा हेतू नव्हता, गैरसमज होता, हे परिस्थितीचा एक भाग म्हणून मांडता येते आणि मांडावे.

रद्द करणाऱ्या पत्राविषयी आपण लिहिले आहे की त्यात ‘माहिती लपविल्यामुळे निवड रद्द करण्यात येत आहे’ एवढेच आहे. माझ्या मते हीच आपल्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे. नियुक्तीचा हक्क निवड यादीत नाव आल्याने मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ पासून ठामपणे सांगितले आहे. पण मनमानी न होण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि १६ मुळे प्रत्येक उमेदवाराला आहे. माहिती दडवली म्हणून यंत्रवत रद्द करता येत नाही, पदाचे स्वरूप, गुन्ह्याचे स्वरूप, सुटका कशी झाली, वय काय होते, याचा विचार झालेला दिसला पाहिजे, हे २०१६ चा निकाल सांगतो आणि २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलातील एका शिपायाच्या प्रकरणात न्यायालयाने ते पुन्हा सांगितले. तो विचार आदेशातच दिसावा लागतो. न्यायालयात उत्तरादाखल दिलेल्या प्रतिज्ञापत्रात मागाहून नवी कारणे घालून आदेश सावरता येत नाही, हे तत्त्व १९७८ च्या मोहिंदर सिंग गिल निकालापासून पक्के आहे. आपल्याला कारणे दाखवा नोटीस दिली होती काय, आपले म्हणणे ऐकले होते काय, हेही तपासावे. छाननी समितीची बैठक झाली असेल तर तिचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागवावे. ‘नियुक्ती देऊ नये’ एवढे तीनच शब्द असलेली इतिवृत्ते मी पाहिली आहेत, आणि समितीने आपल्या बाजूने शिफारस करूनही वर ती नाकारली गेल्याचेही पाहिले आहे.

आता दुसरी बाजूही ऐकावी, कारण केवळ आशेचे निकाल सांगणारा वकील पुढे पक्षकाराला महाग पडतो. खरे सांगूनही नोकरी नाकारली जाऊ शकते. मध्य प्रदेश पोलिसांत निवड झालेल्या एका उमेदवाराने आपला खटला प्रामाणिकपणे नमूद केला होता, तडजोडीमुळे त्याची सुटका झाली होती, तरीही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रकरणांत न्यायालयाने म्हटले की शिस्तीच्या दलात ही कसोटी अधिक कडक असणे स्वाभाविक आहे. उलटपक्षी, महाराष्ट्रातच न्यायिक सेवेसाठी निवडल्या गेलेल्या एका उमेदवाराने अपहरणाच्या आरोपातून २००४ मध्ये झालेली आपली सुटका उघड केली होती. त्याची निवड रद्द झाली, उच्च न्यायालयाने दाद दिली नाही, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचाराचा आदेश दिला, त्याचे एक महत्त्वाचे कारण असे की त्याच निवडीत तशाच पार्श्वभूमीच्या दुसऱ्या उमेदवाराला नियुक्ती मिळाली होती. तेव्हा आपल्याच भरतीत, किंवा त्याच जिल्ह्याच्या मागील भरतीत, मारामारीच्या खटल्यातून सुटलेल्या कोणाला घेतले आहे काय, याची चौकशी आपण करावी. तयारीच्या अकादमीतल्या मित्रांना हे सहसा ठाऊक असते.

आमदार-खासदारांवर गुन्हे चालतात आणि शिपायाला बांधाचे भांडण चालत नाही काय, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी संतापाने विचारते. राग समजण्यासारखा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ खाली साधारणपणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाल्यावर, आणि काही ठरावीक गुन्ह्यांत दोषसिद्धी होताच, निवडणुकीची अपात्रता येते; केवळ खटला प्रलंबित असल्याने येत नाही. पण न्यायाधिकरणासमोर हा मुद्दा मांडून एकही प्रकरण जिंकलेले मी पाहिलेले नाही, म्हणून तो अर्जात घालू नये.

दाद कोठे मागावी, याविषयी. पोलीस शिपाई हा राज्य शासनाच्या सेवेतला असल्यामुळे आपला मंच महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, हा आहे; मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ आहे. तेथे मूळ अर्ज आदेशाच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. आपले आठ महिने गेले आहेत. आपण गृह विभागाला, पालकमंत्र्यांना आणि आमदारांना दिलेल्या निवेदनांची यादी पत्रासोबत जोडली आहे. अशा निवेदनांनी मुदत वाढत नाही, आणि ‘साहेब बघतो म्हणाले होते’ हे विलंबमाफीचे कारण म्हणून क्वचितच टिकते. त्यामुळे उरलेल्या चार महिन्यांची वाट न पाहता या महिन्यातच अर्ज दाखल करावा आणि आपल्या प्रवर्गातील एक पद निकालापर्यंत रिक्त ठेवण्याची अंतरिम मागणी त्यातच करावी, कारण सर्व पदे भरली गेल्यावर जिंकलेल्या उमेदवारालाही पुढच्या भरतीपर्यंत ताटकळावे लागते. मॅटचा निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या नोकरीबाबत मात्र थेट उच्च न्यायालय, आणि केंद्रीय सशस्त्र दलांबाबतही तसेच. चुकीच्या मंचावर वर्ष घालवलेले पक्षकार माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटते.

अर्ज मंजूर झाला तरी ‘याला नोकरी द्या’ असा थेट आदेश बहुधा होत नाही. रद्द करण्याचा आदेश बाजूला ठेवून, अवतार सिंग निकालातील निकषांनुसार ठरावीक आठवड्यांत फेरविचार करावा, असाच आदेश नेहमी होतो, आणि फेरविचारात तेच कार्यालय सकारण पण पुन्हा नकारच देऊ शकते. उत्तर प्रदेशातील एका शिपायाला २००४ च्या भरतीतील नियुक्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून परत मिळाली. मधल्या काळाचा पगार मिळाला नाही, केवळ कागदोपत्री लाभ मिळाले. त्याचा गुन्हा नोंदला गेला तो अर्ज भरल्यानंतर, आणि काही महिन्यांतच तो निर्दोष सुटला होता, म्हणजे त्याची बाजू आपल्याहून भक्कम होती. हे सांगण्याचा हेतू घाबरवण्याचा नाही. आपल्या प्रवर्गाची वयोमर्यादा तपासून पाहावी. खुल्या प्रवर्गात पोलीस शिपाई भरतीची सर्वसाधारण मर्यादा अठ्ठावीस आहे, म्हणजे आपल्याजवळ वेळ थोडा आहे. मॅटमधील प्रकरण चालू ठेवून अन्य विभागांचे अर्ज भरत राहावे, आणि प्रत्येक ठिकाणी हा खटला, तसेच विचारले असल्यास ही रद्द झालेली निवडही, उघडपणे लिहावी. लिपिक, तलाठी किंवा तांत्रिक पदाच्या नेमणुकीत पोलीस दलाइतकी कडक फूटपट्टी लावण्याचे कारण नसते.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-तीन गोष्टी येथेच नमूद करतो, कारण त्यांविषयीचे गैरसमज फार खोल आहेत. जत्रेत पत्ते खेळताना पकडले गेले, न्यायालयात ‘गुन्हा कबूल’ म्हणून दोन-तीनशे रुपये दंड भरला आणि त्याच दिवशी घरी आलो, असे सांगणाऱ्याला वाटते की प्रकरण मिटले. प्रत्यक्षात ती दोषसिद्धी असते, आणि कायद्याच्या नजरेत ती आपल्या ३२४ मधील सुटकेपेक्षा वाईट असते. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली न्यायालयाने बंधपत्रावर सोडले असेल तर कलम १२ मुळे दोषसिद्धीची कायदेशीर अपात्रता लागू होत नाही. पण दोषसिद्धी नाहीशी होत नाही आणि त्यामागचे वर्तन नियुक्ती प्राधिकारी विचारात घेऊ शकतो, म्हणून ते दडवू नये. निवडणुकीच्या किंवा सणाच्या तोंडावर गावातल्या दोन गटांवर केलेली चॅप्टर केस हा गुन्हा नव्हे, ती प्रतिबंधक कारवाई आहे, मात्र ‘बंधपत्र घेतले होते काय’ असा प्रश्न असेल तर उत्तर ‘होय’ आहे. तपासाअंती पोलिसांनी पाठवलेली बी समरी न्यायालयाने मंजूर केली असेल, म्हणजे फिर्याद खोटी ठरली असेल, तर तो आदेश उमेदवाराचे चांगले संरक्षण आहे. सी समरी, म्हणजे गैरसमजातून वा दिवाणी स्वरूपाच्या वादातून दिलेली फिर्याद, हीसुद्धा उपयोगी पडते. पण ‘समरी झाली असे साहेब म्हणाले’ याला काही अर्थ नाही, न्यायालयाच्या आदेशाची नक्कल लागते. वहिनीने सासरच्या छळाच्या कलम ४९८-अ खाली दिलेल्या फिर्यादीत शिकायला बाहेरगावी असलेल्या दिराचे नाव आले असेल, तर खटला संपण्याची वाट पाहण्यापेक्षा त्याच्यापुरता गुन्हा रद्द करण्याची याचिका लवकर करावी. आणि कोरोनाकाळात सरकारी आदेश मोडल्याच्या कलम १८८ खाली नोंदलेले गुन्हे राज्य शासनाने मागे घेण्याचे ठरवले होते, तरी आपले प्रकरण न्यायालयात प्रत्यक्ष मागे घेतले गेले की नाही, हे ज्याने त्याने खात्री करून घ्यावे. शासनाचा निर्णय झाला म्हणजे खटला आपोआप संपत नाही.

धाकट्या भावाचा प्रश्न वेगळा आहे, आणि आपल्या पत्रातला तो तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. घटनेच्या दिवशी तो सोळा वर्षांचा होता, तरी ठाण्यात त्याचे वय ‘अंदाजे १९’ असे लिहून त्याला आपल्यासोबत प्रौढांच्या न्यायालयात उभे केले गेले. असे खेड्यात सर्रास होते. अंगाने थोराड मुलगा दिसला की अंमलदार अंदाजाने आकडा लिहितो आणि घरचे लोक जामिनाच्या गडबडीत हरकत घेत नाहीत. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे, अटकेच्या किंवा खटल्याच्या दिवशीचे नव्हे. वयाचा मुद्दा खटला संपल्यावरही उपस्थित करता येतो. आणि पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र सर्वप्रथम ग्राह्य धरावे लागते. या कायद्याच्या कलम २४ नुसार, सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या निर्घृण गुन्ह्यांचा अपवाद सोडता, बालकाला दोषी ठरवले गेले तरी त्याची कोणतीही अपात्रता त्याला चिकटत नाही, आणि २०१९ मध्ये केंद्रीय सुरक्षा दलातील नियुक्तीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यामागचा हेतू अल्पवयातला डाग पुढील आयुष्यात राहू नये हाच असल्याचे सांगून उमेदवाराची नोकरी राखली. दोषी ठरलेल्या मुलाला जे संरक्षण आहे, ते निर्दोष सुटलेल्याला नाकारणे कोणत्याही प्राधिकाऱ्याला कठीण जाईल. त्याचा खटला या कायद्याखाली चाललाच नाही, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. म्हणून जन्मतारखेचा पुरावा आतापासूनच भक्कम ठेवावा.

अल्पवयातील खटला उघड करण्याची सक्तीच नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि तो दुबळा नाही. तरीही भावाने ‘नाही’ लिहू नये असेच मी सांगेन, कारण प्रौढ आरोपी म्हणून त्याचे नाव संगणकात आहे, ते पडताळणीत निघणार, आणि मग वर्षभर कायद्याचा अर्थ लावत बसण्यापेक्षा पहिल्याच दिवशी सत्य लिहिणे त्याच्या सोयीचे आहे. रकान्यात त्याने ‘होय’ लिहावे. जागा अपुरी असल्यास ‘सोबतचे पुरवणीपत्र पाहावे’ असा शेरा द्यावा आणि पुरवणीपत्रात पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमे, न्यायालय, खटला क्रमांक व निकालाची तारीख देऊन पुढे एवढेच लिहावे: ‘सदर घटनेच्या दिवशी माझे वय १६ वर्षे होते. शेताच्या बांधाच्या कौटुंबिक वादातून दाखल झालेल्या या प्रकरणात न्यायालयाने माझी निर्दोष मुक्तता केली असून त्यानंतर माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही. निकालपत्राची प्रमाणित प्रत व जन्मतारखेचा पुरावा सोबत जोडला आहे.’ चुलत्यांना दोष देणारे, खोट्या केसचे किंवा गावच्या राजकारणाचे एकही वाक्य त्यात नको. नक्कल काढताना एकदम चार प्रती काढाव्यात, पुरवणीपत्राची एक प्रत आवक शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवावी, आणि ऑनलाइन अर्जात हीच विचारणा असेल तर तेथेही तेच उत्तर दिले आहे ना, हे अर्ज सादर करण्यापूर्वी आपण दोघांनी एकत्र बसून तपासावे.